नॉन-कोडिंग आरएनए आणि इन्सुलिन रेझिस्टन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधाला मिळालं, तेव्हापासून या विषयावरचे प्रश्न वाढले आहेत. विचारणारे साधारण दोन प्रकारचे. काहींच्या हातात स्वतःचा किंवा घरच्यांचा रिपोर्ट असतो, तर काही जीवशास्त्र, फार्मसी किंवा बायोटेक शिकत असतात. दोघांसाठी एकच पान केलं आहे. माझं मत आधीच सांगतो. हे विज्ञान पक्कं आहे आणि त्यातून पुढे औषधं येतील अशी मला आशा आहे. पण आज कुणी त्याच्या नावाने तपासणी किंवा गोळी विकत असेल, तर पैसे देण्याआधी प्रश्न १३, १५ आणि १८ वाचा.

१. माझी उपाशीपोटीची साखर ९४ आहे. तरी डॉक्टर म्हणतात इन्सुलिन रेझिस्टन्स आहे. हे कसं?

साखर ९४ वर ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन ओतावं लागतंय, हे त्या आकड्यात दिसत नाही. एखाद्याचं थोड्या इन्सुलिनमध्ये भागतं, दुसऱ्याला त्याच साखरेसाठी तिप्पट लागतं. या दुसऱ्या माणसाच्या पेशी इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाहीत, आणि यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्नायू रक्तातली साखर पुरेशी उचलत नाहीत. यकृताने जेवणानंतर साखर तयार करणं थांबवायला हवं, ते थांबत नाही. चरबीच्या पेशी साठवलेले स्निग्ध पदार्थ रक्तात सोडत राहतात. स्वादुपिंड जादा इन्सुलिन पुरवू शकतं तोवर रिपोर्ट स्वच्छ दिसतो. अशी कित्येक वर्षं जाऊ शकतात.

२. नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे काय?

शाळेत आपण शिकलो की डीएनएवरून आरएनए बनतो आणि आरएनएवरून प्रथिन. ते बरोबर आहे, पण अपुरं. माणसाच्या डीएनएचा जेमतेम एक ते दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो, आणि अशी जनुकं सुमारे २०,००० आहेत. उरलेल्या डीएनएच्या बऱ्याच भागावरूनही आरएनए तयार होतो, पण त्यापासून प्रथिन बनत नाही. हे आरएनए स्वतःच काम करतात. कुठलं जनुक किती चालवायचं, कुठला संदेश किती वेळ टिकू द्यायचा, हे त्यांच्याकडे असतं. यांना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. एकेकाळी या साऱ्या डीएनएला सरसकट कचरा म्हटलं जायचं. आता तसं कुणी म्हणत नाही.

३. कोविडच्या लसीतला आरएनए तो हाच का?

नाही. लसीत असतो तो मेसेंजर आरएनए, म्हणजे एमआरएनए. त्यात प्रथिनाची कृती लिहिलेली असते, म्हणून तो कोडिंग आरएनए. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेली आणि २०२२ साली आपत्कालीन परवानगी मिळालेली जेमकोव्हॅक ही त्याच जातीची. आपल्याकडे सर्वाधिक दिली गेलेली कोविशील्ड तर आरएनएची लसच नव्हती. या पानावरचे आरएनए शरीर स्वतः बनवतं, आणि ते प्रत्येकाच्या पेशीत जन्मापासून असतात.

४. यांचे प्रकार किती? नावांनी गोंधळ उडतो.

इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी तीन लक्षात ठेवले तरी पुरे.

मायक्रोआरएनए सगळ्यांत लहान, साधारण २२ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक घटक). व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत त्याचा पहिला नमुना दाखवला आणि नोबेल त्याचंच आहे. मायक्रोआरएनएंना क्रमांक देतात: मिर-१०३, मिर-१४३ वगैरे. लेट-७ सारखी काही जुनी नावं तशीच राहिली.

लाँग नॉन-कोडिंग आरएनए २०० अक्षरांहून लांब असतो. यांची कामं इतकी वेगवेगळी आहेत की त्यांना एका गटात ठेवणं ही निव्वळ सोय आहे. उदाहरणं प्रश्न ८ मध्ये.

सर्क्युलर आरएनएची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात. मोकळं टोक नसल्याने त्याला कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) सुरुवात करायला जागा मिळत नाही, म्हणून तो जास्त टिकतो.

५. एवढासा मायक्रोआरएनए इन्सुलिनचं काम कसं काय बिघडवतो?

आधी इन्सुलिनचा निरोप पेशीत कसा पोचतो ते पाहू. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टर आतल्या आयआरएस नावाच्या प्रथिनांना जागं करतो, त्यांच्यामुळे पीआय३के आणि मग एकेटी ही विकरं कामाला लागतात. एकेटीच्या आदेशावरून ग्लुट-४ हे साखर आत घेणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं. ही सगळी प्रथिनं आहेत, आणि प्रत्येकाचा एमआरएनए असतो. मायक्रोआरएनए आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो आणि आपल्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांशी जुळणारा मजकूर एमआरएनएवर शोधतो. जुळला, की तो एमआरएनए लवकर नष्ट होतो किंवा त्यावरून प्रथिन कमी बनतं.

या साखळीच्या जवळजवळ प्रत्येक कडीवर कुठला ना कुठला मायक्रोआरएनए काम करताना सापडला आहे. लेट-७ थेट इन्सुलिन रिसेप्टर आणि आयआरएस-२ कमी करतो. उंदरांत तो वाढवला की साखर हाताबाहेर जाते, आणि तो रोखला की लठ्ठ उंदरांची साखर सुधारते. बॉस्टन आणि डॅलसमधून हे काम २०११ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोनच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या यकृतात मिर-१४३ वाढलेला दाखवला. तो ओआरपी-८ नावाचं प्रथिन कमी करतो आणि त्यामुळे एकेटी नीट जागं होत नाही. मिर-१०३ आणि मिर-१०७ ही जोडी कॅव्हिओलिन-१ कमी करते. चरबीच्या पेशीत रिसेप्टरला पृष्ठभागावर स्थिर ठेवायला हे प्रथिन लागतं. मिर-२९ मधुमेही उंदरांच्या स्नायूंत, चरबीत आणि यकृतात वाढलेला आढळतो, आणि चरबीच्या पेशीत तो वाढवला की इन्सुलिन दिल्यावरही साखर आत कमी जाते. मिर-९३ तर ग्लुट-४ वरच बसतो (प्रश्न १९).

यांतला कुठलाही एक मायक्रोआरएनए प्रथिन पूर्ण बंद करत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा तो वेग थोडा उतरवतो. पण एकच मायक्रोआरएनए शेकडो एमआरएनएंवर बसू शकतो, आणि एकाच साखळीत चार-पाच ठिकाणी थोडं थोडं उतरलं तर शेवटी होणारी घट मोठी असते. म्हणून ‘इन्सुलिन रेझिस्टन्सचा मायक्रोआरएनए’ असा एखादाच शोधून काढता येत नाही.

६. पण हे कारण आहे की परिणाम? मधुमेह झाल्यामुळेच आरएनए बदलत असतील.

या पानावर आलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. दोन्ही गोष्टी घडतात.

परिणाम म्हणून बदल होतो याचा पुरावा माणसांतलाच आहे. निरोगी लोकांना तीन तास शिरेतून इन्सुलिन देऊन स्नायूचा तुकडा तपासला, तर त्यातल्या ३९ मायक्रोआरएनएंची पातळी उतरलेली दिसली. म्हणजे इन्सुलिन स्वतःच मायक्रोआरएनए बदलतं. मधुमेह्याच्या रक्तात अमुक आरएनए जास्त सापडला, एवढ्यावरून त्याने मधुमेह घडवला असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

कारण सिद्ध करायचं तर तो आरएनए मुद्दाम वाढवून आणि मुद्दाम रोखून पाहावा लागतो. झुरिकच्या मार्कस स्टॉफेल यांच्या गटाने मिर-१०३ आणि मिर-१०७ बाबत हे २०११ मध्ये केलं. सडपातळ, धडधाकट उंदरांच्या यकृतात किंवा चरबीत ही जोडी वाढवली तेव्हा साखर बिघडली. लठ्ठ उंदरांत ती रोखली तेव्हा चरबीच्या पेशी आकाराने लहान झाल्या आणि इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. लेट-७ आणि मिर-१४३ बाबतही असेच दुहेरी प्रयोग आहेत. यादीत नावं शेकडो असली तरी या कसोटीला उतरलेली मोजकीच.

७. पोटावरच्या चरबीचा स्नायूंवर आणि यकृतावर परिणाम होतो म्हणतात. त्यात आरएनएचा हात आहे का?

आहे, आणि मला या विषयातला सगळ्यात थक्क करणारा भाग हाच वाटतो.

पेशी आपल्या आतल्या द्रव्याचे अतिसूक्ष्म फुगे बाहेर सोडतात. त्यांना एक्सोसोम म्हणतात. त्यांच्यात मायक्रोआरएनए असतात आणि ते रक्तातून दुसऱ्या अवयवापर्यंत पोचतात. २०१७ मध्ये यावर दोन महत्त्वाचे शोधनिबंध आले.

पहिला बॉस्टनच्या जोस्लिन डायबिटीज सेंटरमधल्या रोनाल्ड कान यांच्या गटाचा. मायक्रोआरएनए तयार व्हायला डायसर हे विकर लागतं. त्यांनी उंदरांच्या फक्त चरबीच्या पेशींतून डायसर काढलं. परिणाम असा, की रक्तातल्या एक्सोसोममधले पुष्कळसे मायक्रोआरएनए घटले. म्हणजे रक्तात फिरणाऱ्या या मालाचा मोठा पुरवठादार चरबीच निघाली. ज्या माणसांच्या शरीरात आजारामुळे चरबीच नीट राहत नाही, त्यांच्याही रक्तात अशी घट दिसली. उंदरांत चांगली तपकिरी चरबी बसवली तेव्हा मायक्रोआरएनए परत आले, साखर सुधारली आणि यकृतातलं एफजीएफ-२१ हे जनुकही ताळ्यावर आलं.

दुसरा सॅन दिएगोच्या जेरोल्ड ओलेफ्स्की यांच्या गटाचा. लठ्ठपणात चरबीमध्ये मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींची गर्दी होते. लठ्ठ उंदरांच्या चरबीतल्या मॅक्रोफेजनी सोडलेले एक्सोसोम सडपातळ उंदरांना टोचले. त्यांचं वजन वाढलं नाही, पण इन्सुलिन रेझिस्टन्स आला. उलट, सडपातळ उंदरांचे एक्सोसोम लठ्ठ उंदरांना दिल्यावर त्यांची साखर सुधारली. त्या फुग्यांत मिर-१५५ जास्त होता. तो पीपीएआर-गॅमा या, चरबीच्या पेशींचं आरोग्य राखणाऱ्या प्रथिनाला कमी करतो.

वजन तेवढंच, चरबी तेवढीच, आणि फक्त निरोप बदलल्यावर आजार येतो किंवा जातो. चरबी ही निव्वळ साठवणीची जागा आहे ही समजूत या प्रयोगांनंतर टिकत नाही.

८. लाँग नॉन-कोडिंग आरएनए इथे काय करतात?

एच-१९ हे चांगलं उदाहरण आहे. त्याच्या लांब धाग्यावर लेट-७ ला बसायला जागा आहेत, त्यामुळे तो लेट-७ ला अडकवून ठेवतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या स्नायूत एच-१९ कमी झालेला आढळला. तो कमी झाला की लेट-७ मोकळा सुटतो आणि प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे इन्सुलिन रिसेप्टर कमी करतो.

एमईजी-३ उलट दिशेने जातो. लठ्ठ उंदरांच्या यकृतात तो वाढतो, त्यामुळे साखर बनवणारी जनुकं चालवणारं फॉक्सओ-१ हे प्रथिन वाढतं आणि यकृत नको तेव्हा साखर बनवत राहतं. एसआरए नावाचा आणखी एक आरएनए चरबीच्या पेशी घडण्यात पीपीएआर-गॅमाला मदत करतो. काही लाँग आरएनए केंद्रकातच राहून जनुकांची दारं उघडझाप करतात. मायक्रोआरएनएंच्या मानाने हे क्षेत्र बरंच नवं आहे आणि माणसांतला पुरावा कमी आहे.

९. इन्सुलिन कमी तयार होणं आणि इन्सुलिन रेझिस्टन्स या वेगळ्या गोष्टी ना? आरएनए दोन्हीत आहेत का?

वेगळ्या आहेत, आणि आरएनए दोन्हीत आहेत. बातम्यांत मात्र सरमिसळ होते. २००४ साली स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत मिर-३७५ सापडला. तो जास्त झाला की इन्सुलिन कमी सुटतं. म्हणून तो काढूनच टाकला, तर उंदरांची साखर आणखी वाढली, कारण या पेशींची संख्या घटली आणि साखर वाढवणारं ग्लुकागॉन वाढलं. सीडीआर-१-एएस हा सर्क्युलर आरएनए सत्तरहून अधिक जागांवर मिर-७ ला पकडून ठेवतो. बेटा पेशींत (स्वादुपिंडातल्या त्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत) तो वाढवला की इन्सुलिन जास्त सुटतं. हे दोन्ही स्वादुपिंडाच्या बाजूचे. रेझिस्टन्सची गोष्ट स्नायू, यकृत आणि चरबीत घडते.

१०. माझ्या डीएनए रिपोर्टमध्ये ‘नॉन-कोडिंग भागात मधुमेहाचा धोका’ असं लिहिलंय. म्हणजे माझा नॉन-कोडिंग आरएनए बिघडलाय का?

तसं नाही. टाइप २ मधुमेहाशी जोडलेले बहुतेक डीएनए-बदल प्रथिनांची कृती न सांगणाऱ्या भागात आहेत हे खरं. पण त्यातले पुष्कळसे जवळच्या साध्या जनुकाचं प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या जागेवर बसलेले असतात, त्यांचा आरएनएशी संबंध असेलच असं नाही. सर्वांत प्रसिद्ध टीसीएफ७एल२ चा बदल जनुकाच्याच आतल्या, कृतीत न येणाऱ्या तुकड्यात आहे. नवव्या गुणसूत्रावरच्या एका धोक्याच्या जागेजवळ मात्र एनरिल नावाचा लाँग नॉन-कोडिंग आरएनए आहे, आणि त्यावर काम चालू आहे. एका बदलाने वाढणारा धोका लहान असतो. घाबरून जाऊ नका, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून चालणंही सोडू नका.

११. माझा बीएमआय २२ आहे. मला कसा इन्सुलिन रेझिस्टन्स होईल?

होऊ शकतो, आणि आपल्या लोकांत तो बऱ्याच जणांना होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं २००४ मध्ये छापून आलेलं छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडच्या साउदम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं प्रत्येक मापाने लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून होती. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त होतं. पुढे याच अभ्यासात असं दिसलं की गरोदरपणी आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स अधिक आढळतो.

बी-१२ आणि फोलेट ही डीएनएवर मिथाइलचे शिक्के (जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) मारण्याच्या कामात लागणारी जीवनसत्त्वं, म्हणून इथे जनुक-नियंत्रणाचा संबंध शोधणं रास्तच आहे, आणि त्यात मायक्रोआरएनएचाही अभ्यास होतो. पण आपल्या ‘सडपातळ पण चरबीयुक्त’ ठेवणीचं कारण अमुक आरएनए आहे, असं आज ठामपणे म्हणता येणार नाही. भारतीयांसाठी मापं मात्र ठरलेली आहेत: बीएमआय २३ पासून जादा वजन, पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत.

१२. वडिलांच्या खाण्यापिण्याचा परिणाम आरएनएमार्फत मुलांवर होतो हे खरं आहे का?

उंदरांत, हो. २०१६ साली चीनमधल्या गटाने भरपूर स्निग्ध आहार दिलेल्या नर उंदरांच्या शुक्रपेशींमधले टीआरएनएपासून (प्रथिन बनवताना लागणाऱ्या आरएनएपासून) तुटलेले छोटे आरएनए वेगळे काढले आणि निरोगी फलित बीजांडात टोचले. त्यातून जन्मलेल्या पिल्लांची साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली होती. डीएनए तोच असूनही हे झालं.

याच संदर्भात आपल्याकडच्या उंदरांचा प्रयोग नेहमी विचारला जातो. ५० पिढ्या कुपोषित ठेवलेल्या उंदरांवरचा तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात इन्सुलिन जास्त आणि बी-१२ कमी होतं, आणि दोन पिढ्या पोटभर खायला दिल्यावरही ते पूर्ववत झालं नाही. मात्र त्यात सापडलेला बदल इन्सुलिनचं जनुक ज्यांच्याभोवती गुंडाळलेलं असतं त्या हिस्टोन प्रथिनांवरचा होता. आरएनएचा पुरावा म्हणून हा प्रयोग पुढे करू नये.

१३. रक्तातला मायक्रोआरएनए तपासून इन्सुलिन रेझिस्टन्स आधीच कळतो का? एका लॅबने पॅकेज सुचवलंय.

माझं उत्तर स्पष्ट आहे: आज त्यावर पैसे घालवू नका. इन्सुलिन रेझिस्टन्सच्या निदानासाठी कुठल्याही मान्यताप्राप्त मार्गदर्शक तत्त्वांत मायक्रोआरएनएची तपासणी नाही.

कल्पना वाईट नव्हती. इटलीतल्या ब्रुनेक गावातल्या लोकांच्या साठवलेल्या रक्तावर २०१० मध्ये अभ्यास झाला. त्यात टाइप २ मधुमेह असलेल्यांत मिर-१२६ कमी दिसला, आणि पुढे मधुमेह झालेल्या काहींत तो आधीपासूनच कमी होता. मोठी आशा निर्माण झाली. नंतर त्याच क्षेत्रातल्या संशोधकांनी दाखवलं की रक्तद्रवातला मिर-१२६ बऱ्याच अंशी प्लेटलेटमधून येतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तो बदलतो. मग मोजतोय काय, मधुमेह की ॲस्पिरिन?

अडचणी इथेच थांबत नाहीत. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांतले मिर-४५१ आणि मिर-१६ नमुन्यात भरपूर मिसळतात. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असलेल्या नळीत घेतलेलं रक्त पीसीआरला अडथळा आणतं. नमुना किती वेळ ठेवला, किती वेगाने फिरवला, कुठल्या आरएनएशी तुलना केली, यावर आकडा हलतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतील याची खात्री नाही, आणि नॉर्मल किती हे ठरलेलं नाही. यकृताच्या पेशींतून रक्तात येणारा मिर-१२२ फॅटी लिव्हरमध्ये वाढतो हे बऱ्यापैकी सातत्याने दिसतं, पण तेही सोनोग्राफी आणि साध्या रक्ततपासणीने कळतंच.

१४. मग कोणत्या तपासण्या कराव्यात?

उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि शिंप्याची टेप. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, शिवाय पोट सुटलेलं, असं असेल तर रेझिस्टन्स आहे असं समजून चालायला फारशी हरकत नाही. डॉक्टरांना गरज वाटली तर होमा-आयआर काढतात: उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले ४०५. याची मर्यादा सगळीकडे सारखी नाही आणि इन्सुलिनची चाचणी लॅबनुसार बदलते, म्हणून एकदाच आलेल्या आकड्यावर रात्रीची झोप घालवू नका. रेझिस्टन्स खरोखर मोजायची पद्धत म्हणजे इन्सुलिन क्लॅम्प, पण ती तासन्‌तास चालते आणि संशोधनापुरतीच वापरतात.

गोव्यातून आणि कोकणातून बरेच वाचक लिहितात म्हणून मुद्दाम: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के आढळलं. तिथे तपासणी पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

१५. आरएनएवर चालणारं औषध कधी येणार?

आरएनए-औषधं आलेलीच आहेत, फक्त इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी नाहीत. वाईट कोलेस्टेरॉल कमी करणारं इन्क्लिसिरान हे छोट्या आरएनएचं इंजेक्शन युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. सुरुवातीच्या मात्रांनंतर ते वर्षातून दोनदा घेतात. ते पीसीएसके-९ या एकाच प्रथिनाला लक्ष्य करतं, आणि तेही फक्त यकृतात. काम सोपं होतं ते यामुळे.

इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये स्नायू, चरबी आणि यकृत तिन्ही सांभाळायचे असतात. औषध यकृतात पोचवण्याची युक्ती साधली आहे, स्नायूत आणि चरबीत पोचवणं अजून अवघड आहे. मिर-१०३ आणि मिर-१०७ रोखणारं एक औषध माणसांतल्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेलं होतं, मधुमेह किंवा प्रीडायबेटिससोबत फॅटी लिव्हर असलेल्यांसाठी. २०१७ मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. कॅन्सरसाठीच्या मिर-३४ च्या एका औषधाची चाचणी २०१६ मध्ये गंभीर प्रतिकारजन्य दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. यातली सावधगिरी योग्यच आहे. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो, मग त्याला रोखण्याचे परिणामही शेकडो.

१६. वाईट मायक्रोआरएनए काढून टाकला की झालं, असं का नाही?

मिर-३३ चं उदाहरण घ्या. कोलेस्टेरॉल बनवण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकाच्या पोटातच तो बसलेला असतो आणि पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर टाकणं मंदावतो. आयआरएस-२ लाही तो कमी करतो. कागदावर पाहता त्याला रोखलं तर कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिन दोन्ही सुधारायला हवं. माकडांत त्याला रोखल्यावर चांगलं कोलेस्टेरॉल खरंच वाढलं. पण मिर-३३ जन्मापासून नसलेले उंदीर जास्त खाऊ लागले, लठ्ठ झाले आणि त्यांना इन्सुलिन रेझिस्टन्स आला. स्निग्ध आहारावरच्या उंदरांत तो दीर्घकाळ रोखला तेव्हा यकृतात चरबी साठली.

शिवाय माणसात मिर-३३ दोन आहेत, उंदरात एकच. म्हणजे उंदरातला निकाल इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. लाँग नॉन-कोडिंग आरएनएंबाबत ही अडचण आणखी मोठी आहे. त्यातल्या कित्येकांचा उंदरात जोडीदारच सापडत नाही.

१७. व्यायामाने किंवा वजन कमी केल्याने हे आरएनए बदलतात का?

बदलतात, आणि लवकर. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात १२ आठवड्यांच्या सायकलिंगनंतर तरुणांच्या स्नायूतले मिर-१ आणि मिर-१३३ उतरले. व्यायाम थांबवल्यावर १४ दिवसांत ते परत पूर्वीच्या पातळीवर आले. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही रक्तातल्या अनेक मायक्रोआरएनएंची पातळी बदलते.

व्यायामाचा फायदा मात्र या आरएनएंवर अवलंबून समजू नका. तो थेट मोजलेला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय चाचणीत, आहार आणि चालण्याने प्रीडायबेटिसचा मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. या माणसांची वजनं फारशी उतरली नव्हती, तरीही.

१८. भात-भाजीतले आरएनए आपल्या जनुकांवर परिणाम करतात, आणि तशी सप्लिमेंट मिळतात, हे खरं का?

२०१२ साली चीनमधल्या एका गटाने तांदळातला एक मायक्रोआरएनए माणसाच्या रक्तात सापडतो आणि उंदराच्या यकृतातलं एक प्रथिन कमी करतो, असा दावा केला. पुढे इतर प्रयोगशाळांनी पडताळणी केली तेव्हा अन्नातून रक्तात पोचणारं प्रमाण नगण्य निघालं किंवा नमुन्यात बाहेरून मिसळलेलं ठरलं. जठरातलं आम्ल आणि आतड्यातली विकरं आरएनए पचवून टाकतात. ‘आरएनए संतुलित करणारी’ पावडर घेण्याइतका पुरावा नाही. भाजी खाच, पण तंतुमय पदार्थांसाठी.

१९. मला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) आहे. माझ्या बाबतीत हे लागू आहे का?

पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, सडपातळ असल्या तरी. २०१३ मधल्या एका अभ्यासात त्यांच्या चरबीच्या पेशींत मिर-९३ वाढलेला आणि ग्लुट-४ घटलेला सापडला. पीसीओएस नसलेल्या पण इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या स्त्रियांतही तसंच दिसलं. म्हणजे हा बदल रेझिस्टन्सचा आहे, पीसीओएसची खूण नाही. उपचार त्यामुळे बदलत नाहीत. तपासण्यांसाठी प्रश्न १४ पाहा, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर साखर आधीच तपासून घ्या.

२०. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेऊ का? सुरुवात कुठून करू?

घ्या, जरूर घ्या. मिरबेस या ऑनलाइन नोंदसंग्रहात माणसाचे २,६०० हून अधिक मायक्रोआरएनए नोंदलेले आहेत आणि ते मोफत पाहता येतं. टार्गेटस्कॅनवर एखादा मायक्रोआरएनए कुठल्या एमआरएनएवर बसू शकेल याचा अंदाज मिळतो. पण अंदाज म्हणजे लक्ष्य नव्हे. संगणकाने दिलेली यादी प्रबंधात जशीच्या तशी छापू नका. एक जोडी निवडा, बसण्याची जागा ल्युसिफरेज चाचणीने तपासा, ती जागा बिघडवून परिणाम जातो का ते पाहा, आणि प्रथिन खरंच घटतं का हे वेस्टर्न ब्लॉटने दाखवा. पेशी निवडताना अवयवाचा विचार करा. स्नायूसाठी सी२सी१२, चरबीसाठी ३टी३-एल१, यकृतासाठी हेपजी२ बहुतेक विद्यापीठांत मिळतात. रेझिस्टन्स आणायला पामिटेट वापरलंत, तर त्याने पेशी मरत तर नाहीत ना, हे आधी पाहा. मरणाऱ्या पेशीही साखर कमीच उचलतात.